‘कांगारूचा पंजा’ बागेत कसा जोपासावा

नैऋत्य ऑस्ट्रेलियाच्या रानांत वाढणाऱ्या ‘कांगारू पॉ’ या बहुवर्षायू वनस्पतीचे नाव तिच्या फुलावरून पडले आहे. कळीची लांबट, लवदार नळी टोकाशी उमलते, तेव्हा तिच्या सहा पाकळ्या कांगारूच्या पुढच्या पंजासारख्या दिसतात. त्या पंजाला बोटे मात्र पाचच असतात. मागच्या पावलाशी या फुलाचे काहीच साम्य नाही, कारण तेथे चौथे बोट फार मोठे असते आणि दुसरे व तिसरे बोट एकाच त्वचेत जोडलेले असते.

लागवडीपूर्वी जातीची निवड विचारपूर्वक करावी. लाल देठाची आणि हिरव्या फुलांची मँगलेसी ही जाती १९६० पासून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याचे पुष्पचिन्ह आहे; ती अतिशय देखणी असली तरी बागेत सहसा फार वर्षे टिकत नाही. प्रथमच लागवड करणाऱ्याने उंच व काटक फ्लॅव्हिडस जाती किंवा तिच्यापासून तयार केलेला संकर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रोप नेहमी रोपवाटिकेतूनच आणावे, कारण त्या राज्यात रानफुलांना कायद्याचे संरक्षण आहे.

जागा भरपूर उन्हाची आणि पाण्याचा चटकन निचरा होणारी असावी. माती चिकण असल्यास वाळू व बारीक खडी मिसळून उंच वाफा करावा. खत बेताने द्यावे आणि त्यात फॉस्फरसचे प्रमाण कमी असावे. बियांपासून रोपे करायची असल्यास पेरणीनंतर धूर मुरवलेले पाणी द्यावे. वणव्यानंतर उगवण्याची सवय असलेल्या अनेक जातींचे बी त्यामुळे अधिक चांगले रुजते.

सर्वांत महत्त्वाचे काम छाटणीचे आहे आणि नेमके तेच करताना लोक कचरतात. पंख्यासारखा पसरलेला पानांचा प्रत्येक झुबका एकदाच फुलतो, म्हणून बहर ओसरल्यावर केवळ सुकलेला देठ न कापता तो झुबकाही जमिनीलगत छाटावा, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या खोडातून नवे कोंब जोमाने फुटतात. पानांवर शाईसारखे काळे डाग पडले, तर हाच उपाय करावा आणि छाटलेली पाने बागेबाहेर टाकावीत. या रोगाला तेथील माळी ‘शाई रोग’ म्हणतात. गोगलगायी कोवळी पाने कुरतडून जखमा करतात व हा रोग बळावतो, म्हणून संध्याकाळी फिरून त्या वेचणे मला औषधापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

दाट झालेला गड्डा तेथील शरद ऋतूत, म्हणजे मार्च ते मे या काळात, उकरून धारदार चाकूने विभागावा. प्रत्येक भागाला मुळे व कोंब असल्याची खात्री करावी, पाने निम्मी कापावीत आणि लगेच पुन्हा लावावे. फुलांतील मधासाठी येणारे मधुभक्षी पक्षी डोक्यावर पराग घेऊन फुलाफुलांवर फिरतात. तो सोहळा पाहता यावा, म्हणून वाफा खिडकीसमोरच करावा.