विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत: गावचं पाणी तपासायचं कसं

पहिला पाऊस पडला की गावात दोन-चार घरं जुलाबाने आडवी होतात, ग्रामपंचायतीत आरडाओरडा होतो, आणि कोणीतरी ग्लासात पाणी धरून म्हणतं बघा की किती नितळ आहे. नितळ असण्याचा आणि जंतूंचा काडीचाही संबंध नाही. आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे 100 मिली पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. हा जंतू माणसा-जनावरांच्या आतड्यात राहतो, म्हणजे तो सापडला की समजायचं विष्ठा कुठूनतरी पाण्यात मिसळतेय. ते डोळ्याला दिसत नाही, चवीलाही कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की एका ठिकाणचा एक नमुना घेऊन काही उपयोग नाही. विहीर, टाकी आणि लाइनच्या टोकाचं घर अशा तिन्ही जागी एकाच दिवशी तपासा, मग घाण आहे की नाही एवढंच नाही तर ती शिरतेय कुठून हेही कळतं.

आधी बाटली वगैरे काही न घेता नुसतं चालत जा. विहिरीला कठडा आहे का, बाजूला उकिरडा, गोठा, संडासचा शोषखड्डा किती जवळ आहे, हातपंपाचा ओटा फुटलाय का आणि सांडलेलं पाणी परत खाली मुरतंय का ते बघा. मग व्हॉल्वचे खड्डे उघडून बघा, हे मी मुद्दाम सांगतोय कारण तिथे कोणीच वाकून बघत नाही. बऱ्याच ठिकाणी खड्डा गटारीला लागून असतो, व्हॉल्व गळत असतो, आणि तो गळका व्हॉल्व काळ्या पाण्यात बुडालेला असतो. पाणी चालू असताना ते बाहेर गळतं त्यामुळे कोणाला काही वाटत नाही, पण सप्लाय बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि तेच गटारीचं पाणी आत ओढून घेतो. वर लोक नळाला डायरेक्ट मोटर लावतात म्हणजे ओढायला आणखी जोर. आरोग्य खातं एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये गावोगावी सर्व्हे करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतं त्यातही हेच सगळं बघतात, पण वर्षातनं दोनदा बघून भागत नाही.

आता टेस्ट. पहिली क्लोरीनची, म्हणजे जंतू मारायला टाकलेला क्लोरीन पाण्यात उरलाय का ते बघायची आपली ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट, कारण जंतूंचा रिझल्ट यायला दिवस-दोन दिवस जातात, तोवर गाव ते पाणी पिऊन मोकळं झालेलं असतं. ट्यूबमध्ये खुणेपर्यंत पाणी, त्यात किटवर लिहिलेत तेवढे थेंब, पिवळा रंग आला की लगेच, म्हणजे दहा सेकंदांच्या आत, चार्टशी जुळवायचा. उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि क्लोरीन आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. किमान 0.2 पीपीएम (म्हणजे लिटरला 0.2 मिलिग्रॅम) पाहिजे, साथ चालू असेल तर 0.5. ओटीचं द्रावण विषारी असतं, हाताला लागू देऊ नका आणि पोरांच्या हाती तर अजिबात नको. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या आणि मग टेस्ट करा, आणि करा ती शेवटच्या घरी! टाकीखालच्या नळाला बघून रजिस्टर भरणारे खूप आहेत, तिथे रंग येणारच की. टाकीखाली 0.5 आणि टोकाला शून्य आलं तर मधली लाइन संशयात, जरा कमी होणं चालतं, सगळंच गायब होणं नाही. टाकीखालीच शून्य असेल तर टीसीएल पडलंच नाही किंवा ते मेलेलं आहे. नव्या पिशवीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो, तोंड उघडं टाकून ओलसर खोलीत ठेवली की उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो.

दुसरी टेस्ट एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) बाटलीची, ही जंतूंसाठी. किटमध्ये छोटी बाटली येते, आत औषध असतं, खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावून हलवायचं आणि सावलीत उबदार जागी ठेवायची. 24 ते 48 तासांत काळी पडली तर पाणी पिण्यालायक नाही. थंडीत वेळ लागतो म्हणून पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तरी फेकू नका. बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असेल तर बाटली लगेच काळी होऊ शकते, तिथे लॅबचाच रिपोर्ट धरा. आणि बाटली काळी नाही पडली म्हणजे पाणी शंभर टक्के सेफ असंही नाही, व्हायरस यात कळत नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा काही जणांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला तसा नोरोव्हायरसही सापडला. म्हणून बाटली साफ आली तरी क्लोरीन चालूच ठेवायचा.

लॅबला नमुना द्यायचा तर खरी गडबड नमुना घेतानाच होते. बिसलेरीची रिकामी बाटली धुऊन चालत नाही, निर्जंतुक बाटली लॅबमधूनच आणा. तिच्यात क्लोरीन मारायला थोडं औषध घातलेलं असतं म्हणून ती विसळायची नाही. हात साबणाने धुवा, नळाला लावलेला पाइप-फडकं काढा, तोटी स्पिरिटने पुसा, धातूची असेल तर आचेने शेका, दोन मिनिटं पाणी वाहू द्या. झाकण हातातच धरा, खाली ठेवू नका, आतून बोट लावू नका, बाटली काठोकाठ भरू नका. विहिरीतून घेताना वजन बांधलेली बाटली दोरीने सोडा, भिंतीला घासू न देता, कोणाचा पोहरा वापरू नका. जागा, तारीख, वेळ लिहा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि सहा तासांत पोचवा, अगदीच नाही जमलं तर 24 तासांच्या आत. सरकारच्या भूजल सर्वेक्षण खात्याच्या लॅब जिल्ह्याला आणि काही तालुक्यांना आहेत. गावचं पाणी तपासायचं काम ज्याच्याकडे असतं त्या जलसुरक्षकाला विचारा, किटसाठी पण त्यालाच धरा, नाहीतर जलजीवन मिशन या सरकारी नळपाणी योजनेत गावातल्या पाच बायकांना किटचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे त्यातल्या कोणी ताई असतील तर त्यांना.

रिझल्ट खराब आला तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आशाताईंना कळवा म्हणजे जुलाबाचे पेशंट कुठल्या आळीत आहेत ते आणि तुमचे नमुने ताडून बघता येतात. तोवर प्यायचं पाणी खळखळून उकळा. विहीर खराब असेल तर टीसीएल आणि कठड्याचं काम, विहीर चांगली आणि टोक खराब असेल तर व्हॉल्वपासून लिकेज शोधा. दुरुस्ती झाली की त्याच तीन जागांचे नमुने परत घ्या. काळ्या पडलेल्या बाटल्यांत टीसीएलचं पाणी भरून तासभर ठेवा, मग विहिरीपासून लांब ओता, आणि त्या बाटल्या परत कशालाही वापरू नका.