टीव्हीवर इंडी गेम: स्वस्त पीसी घेताना आणि जोडताना या चुका टाळा

बटण दाबलं की उडी उशिरा लागते, म्हणून बरेच जण चांगला चालणारा पीसी विकून महागडा घेतात. आधी टीव्ही तपासा. चित्र गुळगुळीत करण्याच्या खटाटोपात टीव्ही प्रत्येक फ्रेम, म्हणजे हलत्या दृश्यातलं एकेक चित्र, अडवून धरतो. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, टीव्हीने 100 मिलिसेकंद खाल्ले, तर तुम्ही सहा फ्रेम जुनं चित्र बघून बटण दाबताय. 'सेलेस्ट'सारख्या अचूक उड्यांच्या इंडी गेममध्ये (छोट्या, स्वतंत्र टीमने बनवलेल्या गेममध्ये) एवढ्यात जीव जातो. उपाय फुकट आहे: टीव्हीच्या मेनूत गेम मोड चालू करा. बऱ्याच टीव्हींवर हे सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळं असतं, त्यामुळे केबल दुसरीकडे लावलीत की पुन्हा बघा. गेम मोड नसेल तर इनपुटचं नाव 'पीसी' करून पाहा आणि मोशन स्मूदिंग (चित्र गुळगुळीत करण्याचं सेटिंग) बंद करा. कडा कापल्या जात असतील तर तो ओव्हरस्कॅन. तोही टीव्हीच्याच मेनूत बंद होतो.

खरेदीतली सर्वांत वाईट चूक म्हणजे रॅमची एकच पट्टी. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला, म्हणजे प्रोसेसरमध्येच बसवलेल्या ग्राफिक्सला, स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवतात. दोन स्लॉटच्या मशीनमध्ये 16 जीबीची एक पट्टी असेल तर डेटाचा रस्ता निम्माच उघडा राहतो. 8 जीबीच्या दोन लावा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' उघडा, किती स्लॉट भरलेत ते दिसतं. स्वस्त मिनी पीसीतला इंटेल एन100 प्रोसेसर इथे अपवाद: त्याला मुळात मेमरीचा एकच रस्ता (चॅनेल) आहे, दुसरी पट्टी शोधण्यात अर्थ नाही. 'स्टार्ड्यू व्हॅली', 'हॉलो नाइट' अशा 2डी गेमना तो पुरतो. 3डी गेमही खेळायचे असतील तर एएमडीच्या रायझन 5 प्रोसेसरचा, वेगा ग्राफिक्स असलेला, वापरलेला मिनी पीसी घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक किंवा अँड्रॉइड बॉक्स स्वस्त दिसतात, पण त्यांचा प्रोसेसर सहसा एआरएम जातीचा असतो आणि स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातले बहुतेक गेम एक्स86 जातीच्या (इंटेल, एएमडीच्या) प्रोसेसरसाठी बनलेले असतात. एम्युलेशनने, म्हणजे सॉफ्टवेअरने दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून, काही चालतात, भरवसा नाही.

4के टीव्ही आहे म्हणून 4केचा हट्ट नको. एचडीएमआय 1.4 पोर्टवर 4के सेकंदाला 30 फ्रेमच देतं. 1080पी, 60 हर्ट्झ निवडा. 1080पीचा प्रत्येक पिक्सेल 4के पडद्यावर दोन बाय दोनच्या चौकोनात नेमका बसतो.

वायरलेस कंट्रोलरचं कनेक्शन मधूनच तुटतं? बॅटरी बदलण्याआधी यूएसबी 3.0मध्ये लावलेली हार्ड डिस्क काढून बघा. यूएसबी 3.0चा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, आणि ब्लूटूथही तिथेच असतं. मिनी पीसी टीव्हीच्या धातूच्या पाठीमागे लपवला असेल तर त्रास आणखी वाढतो. ब्लूटूथ किंवा वायरलेस डोंगल यूएसबी 2.0 एक्स्टेंशन केबलने मीटरभर पुढे, खेळणाऱ्याच्या नजरेसमोर आणा. कंट्रोलर जोडलेला असूनही गेमला तो ओळखता येत नसेल, तर कंट्रोलर एक्सइनपुट मोडवर (एक्सबॉक्स कंट्रोलरच्या पद्धतीवर) टाका.