सासूबाईंसाठी टीव्ही लावून देताना

नौपाड्यातल्या आमच्या घरची केबल काढली तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न, "मग साडेसातची मालिका कुठे लागणार?" ती आता टीव्हीवरच्या नेटफ्लिक्ससारख्या अ‍ॅपमध्ये कधीही लावता येते, हे पटायला वेळ लागतो. म्हणून आधी अ‍ॅपमध्ये त्यांचं वेगळं प्रोफाइल काढा. नाहीतर नातवाची कार्टून आणि तुमचे खूनखराबे त्यांच्या पुढ्यात येतात. रिमोटने एकेक अक्षर टाइप करणं म्हणजे शिक्षाच. त्यापेक्षा माइकचं बटण दाबून नाव बोलायला शिकवा. आमच्या आई रिमोटला "अहो, जरा लावता का" म्हणतात. चालतं!

मग ऑटोप्ले बंद करा. नेटफ्लिक्सवर हे ब्राउझर उघडून प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये सापडेल. राहून गेलं, तर एका भागाला जोडून दुसरा सुरू, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला कोणी नाही.

मोबाइलवर बघणाऱ्यांनी चित्राचा दर्जा तपासावा: नेटफ्लिक्सवर एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत डेटा जातो, साध्या दर्जाला 1 जीबीपर्यंत. सकाळी ठाण्याहून सीएसएमटी गाठायची असेल तर भाग रात्रीच वायफायवर उतरवून ठेवा. वर्गणी एका वेळी एकाच अ‍ॅपची भरा. हवं ते बघून झालं की बंद करा, मग दुसरं घ्या.