गर्भवाढीचा तक्ता काढायला बसण्याआधी

गेल्या पावसाळ्यात गावच्या उपकेंद्रासाठी मी गर्भवाढीचा तक्ता काढून दिला. नऊ चित्रं, प्रत्येकाखाली आठवडा आणि लांबी. शाळेत चित्रकला शिकवते, हात बरा आहे, सगळ्यांनी कौतुक केलं. पंधरा दिवसांत आशाताईंचा फोन आला. एका पहिलटकरणीच्या सोनोग्राफीत आठ आठवडे आणि 16 मिलिमीटर लिहिलं होतं, माझ्या तक्त्यावर आठ आठवड्यांपुढे 30. बाळ निम्मंच वाढलंय असं समजून पोर रात्रभर रडली. "बाई, आता काय करूचा?" असं ताईंनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. 16 बरोबर होतं, माझे 30 पण पुस्तकातून अचूक उतरवलेले होते.

आता कुडाळकडच्या दोन गावांतून तसाच तक्ता मागितलाय आणि आमच्यातलाच एक मुलगा तो काढणार आहे. त्याच्यासाठी, आणि अजून कुणी हे अंगावर घेणार असेल त्याच्यासाठी, ही तयारी.

कागद, पेन्सिली, रंग ज्याचे त्याला माहीत. ते सोडून देते.

पहिलं काम पेन्सिलीला टोक काढायच्याही आधीचं: आठवडे कुठून मोजणार ते ठरवा. गर्भविज्ञानाची पुस्तकं फलनाच्या दिवसापासून मोजतात. डॉक्टर, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि मातेचं कार्ड शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचं अंतर. पुस्तकातला आठवा आठवडा म्हणजे रिपोर्टातला दहावा, आणि सुरुवातीच्या दिवसांत दोन आठवड्यांत गर्भ जवळपास दुप्पट होतो. तिथेच मी आपटले. गावात लावायचा तक्ता असेल तर शेवटच्या पाळीपासूनच मोजा, दुसरा विचार नको. पुस्तकातून चित्र घेतलंत की आकड्यात दोन मिळवा, आणि मिळवलेत हे चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, नाहीतर आठवड्याभराने परत दोन मिळवाल. (हसू नका. दुरुस्ती करताना मी हेच केलं.)

महिने लिहिणार असाल तर आणखी एक खड्डा आहे. आपल्याकडे "पाचवा लागला" आणि "पाच भरले" यात महिन्याचा फरक, आणि ऐकणारी सासू आपल्याला हवं ते ऐकते. म्हणून महिना मोठ्या अक्षरात लिहिलात तरी शेजारी आठवडे हवेतच. नऊ महिने नऊ दिवस हे मात्र हिशोबाला फार लांब नाही: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की डॉक्टरांची तारीख येते, म्हणजे 280 दिवस, 40 आठवडे. फलनापासून मोजलं तर 38. बघा, परत तेच दोन.

मापं आधी एका कागदावर मांडून घ्या, चित्र मग. पाळीपासून मोजलेल्या आठवड्यांना, डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी साधारण अशी: सहाला 5 मिलिमीटर, सातला 10, आठला 16, दहाला 31, बाराला 54. पाय यात धरत नाहीत, कारण ते दुमडलेले असतात. पुढच्या महिन्यांत काही तक्ते टाचेपर्यंतची लांबी देतात, मग मधेच बाळ एकदम वाढल्यासारखं दिसतं. कुठली लांबी घेतलीय ते लिहा. फळांशी तुलना करायचीच असेल तर परदेशी तक्त्यातली ब्लूबेरी आणि ॲव्होकाडो कृपा करून आणू नका. सहाला तांदळाचा दाणा, आठला करवंद, दहाला रातांबा चालेल. पण रातांबा कुणाच्या परड्यातला यावर माप बदलतं, म्हणून शेजारी मिलिमीटर, आणि चित्राखाली मापाची पट्टी. पट्टी चित्रातच हवी. "मूळ आकाराच्या चौपट" असं लिहिलंत आणि कुणी मोबाईलवर बोटांनी मोठं केलं की ते वाक्य खोटं.

संदर्भ जमवताना एकाच पुस्तकावर विसंबू नका, आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानांत ते आठवडे कुठून मोजतं ते शोधा. सापडलं नाही तर ते पुस्तक बाजूला. वैद्यकीय कॉलेजच्या संग्रहालयात गर्भ ठेवलेल्या बरण्या बघायला मिळाल्या तर जरूर जा, घडण कळते. रंग तिथून उचलू नका, औषधात राहून सगळं फिकट, राखाडी झालेलं असतं. सोनोग्राफीची छपाई कुणी दिली तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, तो कागद उष्णतेने उडतो आणि आपल्या दमट हवेत तर बघायलाच नको. आणि तिच्यावरून बाह्यरेषा गिरवू नका. सोनोग्राफीत दिसतो तो एक काप असतो, शरीराची कड नसते. नेटवरचं सुंदर चित्र जसंच्या तसं उतरवायचा मोह होईल. लिओनार्दो दा विंचीने 1511 च्या सुमारास गर्भाशयातलं बाळ काढलं, अप्रतिम काढलं, पण वार (नाळ जिला जोडलेली असते ती, प्लॅसेंटा) गायीची काढली, ठिकठिकाणी गुंड्या असलेली. माणसाची वार एकसंध थाळीसारखी असते. चित्र देखणं आहे म्हणून बरोबर आहे असं धरू नका.

आता प्रत्यक्ष चित्रात लोक काय चुकवतात. डोकं: तिसऱ्या महिन्यात ते डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीच्या जवळजवळ निम्मं असतं, जन्माच्या वेळी पूर्ण उंचीच्या चौथा हिस्सा. छोटं बाळ काढून ते लहान-मोठं करत नेलं तर सगळे आठवडे खोटे ठरतात. पापण्या: तिसऱ्या महिन्यात मिटतात त्या सहाव्या-सातव्याशिवाय उघडत नाहीत, पाचव्या महिन्याच्या चित्रात टपोरे डोळे नकोत. गुबगुबीत गालही नकोत, चरबी भरते ती शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत. आधीची त्वचा पातळ, लालसर, खालच्या शिरा दिसणारी. नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला, आणि इथे सगळ्यांचा हात चुकतो: वारेकडून शुद्ध रक्त आणते ती नीला, म्हणजे लाल रंग तिला, निळा त्या दोघींना. माझ्या एका विद्यार्थ्याने "रोहिणी म्हणजे लाल" म्हणून मी रंगवलेलं पुसून उलट रंगवलं होतं. आठ ते बारा आठवड्यांत आतड्याचा काही भाग नाळेच्या मुळाशी बाहेर असतो, तिथे फुगवटा दिसतो. तो तसाच असायला हवा, चित्र "नीट" करायला जाऊ नका. (आठ ते बारा पाळीपासून. पुस्तकात सहा ते दहा सापडेल.)

बाळ हवेत तरंगणारं काढू नका. भोवती पाणी, पिशवी, वार दाखवा, आई दाखवा. आणि पाचव्या-सहाव्या महिन्याच्या प्रत्येक चित्रात डोकं खाली ठेवू नका. त्या वयात बाळ कसंही फिरत असतं, पण तक्ता बघितलेल्या बाईला रिपोर्टात "पायाळू" दिसलं की घाबरते. बहुतेक बाळं 36 आठवड्यांपर्यंत आपणहून वळतात, तशी एक ओळ टाका.

लिंग दिसेल असं काहीही काढू नका. लिंगनिदानाला 1994 च्या कायद्याने बंदी आहे, आणि गावातल्या भिंतीवर त्यावरून चर्चा सुरू व्हायला एक रेष पुरते. मांडी दुमडा, नाळ पुढे आणा. कुणाचा रिपोर्ट किंवा छपाई वापरणार असाल तर त्या बाईची लेखी परवानगी घ्या, नवऱ्याची नव्हे. वरच्या काळ्या पट्टीत नाव, तारीख, दवाखाना छापलेला असतो, ती पट्टी कापून टाका. नुसती काळी रेघ ओढलीत तर खालचं कधीकधी दिसतं.

कच्चं रेखाटन झालं की स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांना "कसं झालंय" विचारू नका, छानच म्हणतील. प्रत्येक चित्रावर बोट ठेवून विचारा: हे माप या आठवड्याला, शेवटच्या पाळीपासून, बरोबर आहे का? मी छान ऐकून घरी आले होते. मग दर महिन्याच्या 9 तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथे कच्चा तक्ता घेऊन बसा. तिघी-चौघींना त्यांचं कार्ड हातात धरून आपलं चित्र शोधायला सांगा. त्या चुकीच्या चित्रावर बोट ठेवतील तर दोष तक्त्याचा. 11 ते 13 आठवड्यांची सोनोग्राफी आणि पाचव्या महिन्यातली, या दोन्ही जागा तक्त्यावर खुणेने दाखवल्या तर आशाताई दुवा देतील. ती खूण दोन आठवडे सरकली तर काय होईल ते सांगायला नको.

शब्द: वार, नाळ, पिशवी, पाणी. वारेला "अपरा" लिहिलंत तर कुणी वाचत नाही.

छपाई. 300 डीपीआय, रंग छपाईचे निवडून. दुकानदार "जरा उजळ करतो" म्हणेल, करू देऊ नका, लाल-निळ्याचा घोळ होतो. कागदाचा तक्ता करणार असाल तर चारही कडा बंद लॅमिनेशन, नाहीतर श्रावणात बुरशी आतून फुलते. फ्लेक्स बरा.

पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. नुसत्या फोटोत बारीक आकडे फुटतात. नऊ चित्रं सुटी पाठवणार असाल तर प्रत्येकावर माप, पट्टी, कुणी तपासलं, कधी तपासलं, आणि आठवडे कुठून मोजलेत ती ओळ. लोक एकच चित्र कापून पुढे ढकलतात, म्हणून ओळ चित्राच्या आत घ्या, खाली पांढऱ्यात नको. जुनी फाईल ग्रुपवर असेल तर काढून टाका. माझी अजून फिरतेय.

फ्लेक्स दुकानातच उलगडून बघा. प्रत्येक चित्रावर "आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून" आहे का? नऊ वेळा मोजा. मग पैसे द्या.