न्यूरल ट्यूब शिकताना या चुका टाळा

न्यूरल ट्यूब म्हणजे गर्भातली ती नळी, जिच्यापासून मेंदू आणि मेरुरज्जू घडतात. एम्ब्रिऑलॉजीच्या, म्हणजे गर्भविकासाच्या विषयाच्या, व्हायवात (तोंडी परीक्षेत) तिच्याबद्दल दरवर्षी तीच चुकीची उत्तरं ऐकते आणि दरवर्षी तितकाच जीव तुटतो. मुलं हुशार असतात. कशापासून काय होतं ते घडाघडा म्हणून दाखवतात. पण "दिवस कुठून मोजलेस?" असं विचारलं की गप्प होतात.

आठवड्यांचा घोळ

पुस्तकातले आठवडे फलनापासून मोजलेले असतात. दवाखान्यातल्या केसपेपरवरचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचं अंतर पडतं, आणि आपल्या विषयात सगळं त्या दोन आठवड्यांतच घडतं.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर आनंदाची बातमी सांगायला आली. तिच्या वहिनीला दिवस गेले होते. केसपेपरवर ५ आठवडे ४ दिवस लिहिलेले. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी अजून सुरू नव्हती, वहिनी माहेरी निघाली होती, आल्यावर बघू म्हणत होती. या मुलीने तिला धीर दिला होता, "न्यूरल ट्यूब मिटायला २८ दिवस लागतात, आत्ता तर कुठे कळलंय, वेळ आहे." आकडा बरोबर होता, पण तिने तो बातमी कळली त्या दिवसापासून मोजला होता.

मी तिला फळ्यावर हिशेब करायला लावला. ३९ वजा १४, म्हणजे फलनानंतरचा २५वा दिवस. डोक्याकडचं तोंड मिटतं ते याच सुमारास, आणि शेपटीकडचं त्यानंतर दोन-तीन दिवसांत. वरचं उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू नीट घडत नाहीत, खालचं राहिलं तर स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचा दोष, होतो. तिने तिथूनच वहिनीला फोन लावला आणि गोळी त्याच दिवशी सुरू झाली. बाळ सुखरूप झालं, बहुतेकांचं होतंच. पण मला त्या फळ्यावरच्या वजाबाकीचा विसर पडत नाही.

पाळी चुकते तेव्हा गर्भ साधारण १४ दिवसांचा असतो. न्यूरल प्लेट, म्हणजे जिची पुढे नळी होते ती सपाट पट्टी, १८-१९व्या दिवसापर्यंत तयार असते. त्यामुळे चाचणी होऊन डॉक्टरांकडे जाईपर्यंत बरंचसं काम उरकलेलं असतं. म्हणून गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायची, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष असेल किंवा फिट्सवर व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असेल, तर डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, आणि फिट्सचं औषध मनाने बंद करू नका. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत, आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेआधीपासून ४ मिलिग्रॅम घेतल्यावर दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. उशीर झाला असेल तरी गोळी सुरू कराच.

माझी सवय सांगते. कुठलाही आठवडा लिहिला की शेजारी 'फ' किंवा 'पा' लिहायचं, फलनापासून की पाळीपासून. दोन सेकंद लागतात.

दोन रज्जूंची गल्लत

मराठी माध्यमातून आलेल्यांची ही खास चूक. पृष्ठरज्जू म्हणजे नोटोकॉर्ड, मेरुरज्जू म्हणजे स्पायनल कॉर्ड. नावं जुळ्या भावांसारखी, म्हणून 'पहिल्याचाच दुसरा होतो' असं लिहून मोकळे होतात. तसं होत नाही. मेरुरज्जू वरच्या एक्टोडर्मपासून, म्हणजे गर्भाच्या बाहेरच्या थरापासून, होतो. पृष्ठरज्जू त्याच्याखाली असतो, आणि मोठेपणी मणक्यांमधल्या चकतीच्या मऊ गाभ्यात त्याचा अवशेष उरतो.

पृष्ठरज्जू वरच्या पेशींना 'चेतापेशी व्हा' असा हुकूम सोडतो, हीसुद्धा अर्धवट समजूत. बीएमपी नावाचे संकेत त्या पेशींना त्वचेकडे ढकलत असतात. पृष्ठरज्जूकडून येणारी नॉगिन, कॉर्डिन ही प्रथिनं ते संकेत अडवतात आणि पेशी चेतासंस्थेच्या वाटेला लागतात. याचा माग १९२४ सालच्या स्पेमान आणि हिल्डे मॅन्गोल्ड या शास्त्रज्ञांच्या न्यूट या उभयचर प्राण्यावरच्या प्रयोगापर्यंत जातो. एका गर्भाचा लहानसा तुकडा दुसऱ्यात बसवला आणि तिथे दुसरी न्यूरल ट्यूब उभी राहिली. हा प्रयोग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, न्यूरल ट्यूबमधून येत नाहीत, त्या गर्भाला जोडलेल्या योक सॅक या पिशवीतून येतात.

नळीच्या डोक्याकडच्या टोकाला मेंदूचे आधी तीन फुगे होतात, मग पाच. चौथ्या आठवड्याच्या आकृतीत पाच काढू नका.

घडी न घालता शिकणं

पाच मिनिटांच्या व्हिडिओत नळी आपोआप मिटते आणि बघणाऱ्याला वाटतं, कळलं. हात न लावता हा विषय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. माझ्या पिशवीत जुन्या साडीचा, दोन्हीकडे काठ असलेला अरुंद तुकडा कायम असतो. मधे बोट दाबून खळगा करा, दोन्ही काठ वर आणून एकमेकांना भिडवा. टाका मानेच्या जागी घाला आणि तिथून वर आणि खाली शिवत जा. एका टोकापासून चेन ओढल्यासारखी नळी मिटत नाही, हे हाताला लगेच कळतं. उरलेली दोन तोंडं म्हणजे न्यूरोपोअर.

आता काठ बघा. तो न्यूरल क्रेस्ट. उतावळी मुलं नळी मिटली की वही मिटतात आणि काठ विसरतात. या पेशी सुटून दूरवर चालत जातात. त्यांतून मेरुरज्जूलगतचे गँग्लिया (चेतापेशींचे पुंजके), त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा गाभा, चेहऱ्याची बरीचशी हाडं आणि आतड्याच्या भिंतीतलं चेताजाळं तयार होतं. आतड्याच्या शेवटापर्यंत त्या पोचल्या नाहीत, तर तेवढा भाग ढिला होऊच शकत नाही, मल पुढे सरकत नाही आणि पोट फुगतं. याला हिर्शस्प्रुंगचा आजार म्हणतात. वॉर्डात ४८ तास उलटूनही शी न झालेलं नवजात बाळ दिसलं, की मला ते काठ आठवतात.