स्क्रायबसची एसएलए फाइल आतून कशी वाचायची आणि बदलायची

स्क्रायबस या पानं लावायच्या मोफत सॉफ्टवेअरमधे प्रशस्तिपत्र, कार्यक्रमपत्रिका, अंक असलं काही लावत असाल तर तुमची एसएलए फाइल म्हणजे साधं एक्सएमएल (टॅगमधे मांडलेला मजकूर) आहे, नोटपॅड प्लस प्लससारख्या टेक्स्ट एडिटरमधे सरळ उघडतं, आणि ते वाचता यायला लागलं की दोनशे प्रशस्तिपत्रांवर दोनशे नावं हातानं टाकत बसावं लागत नाही. व्हर्जन १.६ किंवा पुढचं घ्या, १.४ मधे देवनागरीची जोडाक्षरं फुटतात.

आधी कोरं ए-४ पान घ्या, एकच टेक्स्ट फ्रेम काढा, प्रॉपर्टीजमधे तिला काहीतरी ओळखीचं नाव द्या, आत चार शब्द टाइप करा आणि सेव्ह करा. कॉम्प्रेसवर टिक नको, नाहीतर एडिटरमधे नुसता कचरा दिसेल.

आता फाइल एडिटरमधे उघडा. वरचा भलामोठा भाग सेटिंग, रंग, स्टाइल यांचा, तो सोडून द्या. फ्रेमचं नाव सर्च केलं की तुम्ही थेट पेजऑब्जेक्टच्या टॅगवर येता. तिथं एक्सपॉस, वायपॉस (फ्रेमची आडवी-उभी जागा), रुंदी, उंची असते, सगळं पॉइंटमधे, तुम्ही मिलिमीटरमधे काम करत असलात तरी (१० मिमी म्हणजे साधारण २८.३५ पॉइंट). इथं बरेच जण गोंधळतात, फ्रेम पानाच्या अगदी डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे आणि आकडे मात्र १०० नि २० च्या आसपास! कारण पानच कॅनव्हासवर तेवढं आत बसलेलं असतं. पेज टॅगमधे पानाचे स्वतःचे एक्स-वाय असतात, ते वजा करा, खरी जागा मिळते.

मजकूर स्टोरीटेक्स्टच्या आत, आयटेक्स्ट टॅगच्या सीएच (CH) या गुणधर्मात असतो. नावातला एक शब्द बोल्ड केलात तर त्या नावाचे दोन किंवा जास्त आयटेक्स्ट होतात, मग पूर्ण नाव सर्चला सापडत नाही. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधलं मॅटर असेल तर इथं मराठी दिसणारच नाही, आधी युनिकोडमधे कन्व्हर्ट करा.

कुठला आकडा कशाचा हे पाठ करू नका. स्क्रायबसमधे एकच गोष्ट बदला, दुसऱ्या नावानं सेव्ह करा आणि दोन्ही फाइली नोटपॅड प्लस प्लसच्या कम्पेअर प्लगइनमधे शेजारी लावा, काय बदललं ते समोरच दिसतं. माझ्या मते शिकायचा हाच सगळ्यात जलद रस्ता.

मग खरं काम. नावाच्या जागी #नाव# असं एकाच फॉरमॅटमधे टाइप करा आणि पायथॉनच्या छोट्या स्क्रिप्टनं सीएसव्हीतलं (नावांच्या साध्या यादीच्या फाइलमधलं) एकेक नाव तिथं भरून दर वेळी नवी फाइल काढा. वाचताना-लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च हवं. 'शिंदे & सन्स' मधलं & तसंच गेलं तर एक्सएमएल तुटतं, दुहेरी अवतरणाचंही तेच, म्हणून मजकूर आधी अशी चिन्हं, अवतरणासकट, एक्सएमएलला चालतील अशी बदलणाऱ्या एस्केप फंक्शनमधून काढा. आणि नवी फाइल मूळ फोल्डरमधेच ठेवा, कारण लोगोचा पाथ फाइलच्या जागेवरून धरलेला असतो, फाइल दुसरीकडे हलवली की लोगोची फ्रेम रिकामी.