जुनी अमेरिकन सुतारी हत्यारे ओळखावीत कशी

अमेरिकेतल्या फ्ली मार्केटमध्ये, घरातले सामान विकायला काढतात अशा इस्टेट सेलमध्ये किंवा मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डच्या मोठ्या बाजारात जुन्या हत्यारांचे टेबल दिसले, की नवखा माणूस आधी नाव शोधतो. रंध्यावर 'स्टॅनली' किंवा करवतीच्या मुठीवर 'डिस्टन' ही अक्षरे वाचली की हत्यार ओळखले, असे त्याला वाटते. पण ही नावे अनेक दशके असंख्य हत्यारांवर उमटत राहिली आणि त्या काळात हत्यारांचा आकार, लाकूड, मुलामा आणि दर्जा सतत बदलत गेला. शिवाय हत्यार ही वापरून झिजवण्याची वस्तू आहे. पाते संपले की दुसरे बसवतात, मूठ फुटली की मोडक्या रंध्याची काढून लावतात, आणि शंभर वर्षांनी विक्रीला येते ती वस्तू पुष्कळदा तीन-चार हत्यारांची मिळून झालेली गोधडी असते. म्हणून ओळखीचा खरा प्रश्न 'हे कोणाचे?' एवढ्यावर संपत नाही. 'याचे सगळे भाग एकाच काळातले आहेत का?' हे विचारावे लागते.

सुरुवात तारखांपासून करावी. अमेरिकन कारखानदारांना पेटंटची तारीख हत्यारावर ठळकपणे घालण्याची सवय होती, आणि नवखे संग्राहक तीच निर्मितीची तारीख समजतात. ती फक्त एवढेच सांगते, की हत्यार त्या दिवसानंतर केव्हातरी बनले आहे. पंधरा-वीस वर्षांनंतरही तोच साचा वापरात असू शकतो. पुसट झालेली तारीख वाचताना एक युक्ती फार उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत पेटंट मंगळवारी दिली जातात. अंधुक आकडा ३ आहे की ८ हे कळत नसेल, तर त्या वर्षाचे कॅलेंडर काढून मंगळवार कोणत्या तारखेला येतो ते पाहावे. तारखेऐवजी क्रमांक असेल तर आणखी सोपे. १८३६ मध्ये पेटंटांना नव्याने क्रमांक द्यायला सुरुवात झाली आणि १९११ मध्ये तो क्रमांक दहा लाखांवर पोचला, त्यामुळे सहा आकडी क्रमांक १९११ पूर्वीचा आणि सात आकडी त्यानंतरचा. मात्र डिझाइन पेटंट, म्हणजे वस्तूच्या बाह्य रूपासाठीची, आणि पुन्हा दिलेली पेटंट यांची क्रमांकमालिका वेगळी असते, हे विसरू नये. गूगल पेटंट्सवर मूळ चित्रे पाहता येतात, आणि केवळ अमेरिकन हत्यारांच्या व यंत्रांच्या पेटंटांसाठी डॅटॅम्प ही सूची आहे.

आता बिडाच्या रंध्यांकडे वळू, कारण संग्रहाची सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते आणि फसगतही तिथेच सर्वाधिक होते. लेनर्ड बेली या कारागिराने पाते खाली-वर करण्याची जी यंत्रणा तयार केली, तिचे हक्क कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅनली रूल अँड लेव्हल कंपनीने १८६९ मध्ये घेतले. त्यातून १ ते ८ क्रमांकांची मालिका निघाली. ४ क्रमांकाचा सफाईचा रंधा सुमारे ९ इंच लांब आणि २ इंच पात्याचा, ५ क्रमांकाचा १४ इंचांचा, ७ चा २२ इंचांचा आणि ८ चा २४ इंचांचा असतो. सगळ्यात छोटा १ क्रमांक जेमतेम साडेपाच इंचांचा. कामाला तो फारसा उपयोगी नाही, पण संग्राहकांत त्याची किंमत सर्वाधिक आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघतात. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेली रंध्याचा काळ ठरवताना पाते, त्याला दाबणारी टोपी आणि पात्याची बैठक, ज्याला तिथे फ्रॉग म्हणतात, ही सगळी सोडवून खालचे बीड उघडे करावे. विक्रेत्याची परवानगी घेऊन दोन स्क्रू काढायला काहीच हरकत नसते. परवानगी मिळाली नाही, तर तेही एक उत्तरच समजावे. पात्याला डावी-उजवीकडे सरकवणारी आडवी दांडी नसेल तर रंधा साधारण १८८५ च्या आधीचा असण्याची शक्यता आहे. पुढच्या टोकाला बिडात 'बेली' हे नाव ओतलेले असेल तर तो १९०२ च्या नंतरचा. बैठकीच्या मागे २५ मार्च १९०२ आणि १९ ऑगस्ट १९०२ या दोन तारखा असल्या तर त्या दशकातला. त्यांत १९ एप्रिल १९१० ही तिसरी तारीख भरलेली असेल तर साधारण १९१० ते १९१८ या काळातला. या तिन्ही तारखा मंगळवारच्याच आहेत, हे पडताळून पाहण्यासारखे आहे. बैठक पुढे-मागे करणारा मागचा स्क्रू १९०७ च्या सुमारास आला, त्यामुळे दोन तारखांच्या रंध्यांतही आधीचे आणि नंतरचे वेगळे काढता येतात. पुढची गोल मूठ बुटकी असेल तर ती साधारण १९२० पूर्वीची. त्यानंतर ती उंच झाली आणि पात्याची खोली बदलणारी पितळी चाकीही मोठी झाली. पात्यावर हृदयाच्या आकृतीत एस आणि डब्ल्यू ही अक्षरे असतील तर पाते १९२० नंतरच्या दीड दशकातले. ते हृदय प्रेमाचे नसून, रंधे बनवणारी कंपनी पुढे जिच्यात विलीन झाली त्या स्टॅनली वर्क्सचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून आलेले आहे. दाबटोपीचे भोक मूत्रपिंडाच्या आकाराचे असेल तर ती १९३३ नंतरची. दुसऱ्या महायुद्धात पितळेची टंचाई झाली, तेव्हाच्या रंध्यांवर पितळी चाकीऐवजी कडक रबराची किंवा पोलादी चाकी आणि रोझवुडऐवजी रंगवलेले साधे लाकूड दिसते.

आता ही सगळी निरीक्षणे एकमेकांशी जुळवून पाहावीत. तीन तारखांचे बीड, उंच मूठ, हृदयाचे पाते आणि मूत्रपिंडाकृती भोक असे एकत्र दिसले तर रंधा वाईट नाही, कामाला तो उत्तमच असेल. पण मूळ जुना रंधा म्हणून त्याचे पैसे मोजू नयेत. एका गोष्टीची जाणीव मात्र ठेवावी. रंध्यांचे जे 'टाइप', म्हणजे काळानुसारचे प्रकार, सांगितले जातात ते पुढे अभ्यासकांनी पाडलेले आहेत, कारखान्याने नव्हे. कारखाना शिल्लक सुटे भाग संपेपर्यंत वापरत असे, म्हणून दोन लगतच्या काळांची सरमिसळ खरीखुरी असू शकते. वीस वर्षांचे अंतर मात्र त्या सबबीखाली खपवून घेऊ नये.

स्टॅनलीचीच बेडरॉक मालिका ६०२ ते ६०८ अशा क्रमांकांची असते. तिच्यात बैठक आणि बीड यांचे पृष्ठभाग पूर्ण घासून एकमेकांवर बसवलेले असतात, आणि १९११ च्या सुमारापासून तिच्या बाजूंच्या कडा वर सपाट कापलेल्या असल्यामुळे ती दुरूनही ओळखू येते. इतर कंपन्यांचे क्रमांक पाहून गोंधळून जाऊ नये. न्यू हेवनच्या सार्जंट कंपनीचा ४०९ म्हणजे स्टॅनलीचा ४ आणि ४१४ म्हणजे ५. मागचे दोन आकडे इंचांत लांबी सांगतात. मिलर्स फॉल्सचे ९, १४ आणि २२ हेही तसेच लांबीचे आकडे आहेत. कामासाठी घ्यायचे असेल तर हे रंधे स्टॅनलीइतकेच चांगले असून पुष्कळदा स्वस्त मिळतात. 'कीन कटर' किंवा १९२७ पासूनचे 'क्राफ्ट्समन' ही मात्र दुकानदारांची नावे आहेत. पहिले सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअरचे, दुसरे २०१७ पर्यंत सिअर्सचे. माल बनवणारा कारखाना दुसराच असतो आणि तो घडणीवरून ओळखावा लागतो.

तडे शोधताना रंध्याच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून बाजूंकडे बोट फिरवावे, कारण पडलेला रंधा तिथेच फुटतो. बिडावर पिवळसर रेघ दिसली तर ते पितळेने केलेले डाग-जोडकाम आहे. हरवलेल्या स्क्रूला क्षुल्लक समजू नये. स्टॅनलीच्या मुठींच्या आणि बैठकीच्या स्क्रूंचे आटे १२-२० या मापाचे, म्हणजे १२ क्रमांकाच्या जाडीचे आणि इंचाला २०, असतात आणि ते हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. म्हणूनच तडा गेलेला रंधा स्वस्तात मिळाला तर सुट्या भागांसाठी घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

करवतीत सर्वांत बोलका भाग म्हणजे मुठीवरचे पितळी पदक. फिलाडेल्फियात हेन्री डिस्टन यांनी १८४० मध्ये कारखाना काढला. पदकावर 'अँड सन' असे एकवचन असेल तर ते साधारण १८६५ ते १८७१ या काळातले, 'अँड सन्स' असेल तर त्यानंतरचे. 'डिस्टन यूएसए' हे शब्द पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचे. कंपनी १९५५ मध्ये एच. के. पोर्टर या कंपनीकडे गेली आणि त्यानंतरच्या करवतींना संग्राहक फारसे विचारत नाहीत. गरुडाचे चित्र आणि 'वॉरंटेड सुपिरियर' ही अक्षरे असलेल्या पदकावरून कोणाचेच नाव कळत नाही, कारण असे पदक अनेक कारखाने दुय्यम मालावर लावत. पदकही बदललेले असू शकते, म्हणून पात्यावरच्या कोरीव मजकुराशी ते ताडून पाहावे. हा मजकूर आम्लाने फार उथळ कोरलेला असतो. मी माझी पहिली करवत जाड पॉलिश पेपरने चकचकीत केली आणि तिच्यासोबत तिची सगळी माहितीही घासून टाकली. योग्य रीत अशी, की सपाट ठोकळ्यावर अगदी बारीक पॉलिश पेपर गुंडाळून तेलासह हलकेच घासावे. मजकूर तरीही पुसट राहिला तर त्यावर बंदुकीच्या पोलादाला काळे करणारे गन ब्लू लावून पुन्हा एकदा वरवर घासावे. उथळ खाचांत काळा रंग राहतो आणि अक्षरे उठून दिसतात. पात्याच्या टाचेजवळ, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, ठोकलेला आकडा एका इंचात दात्यांची किती टोके येतात ते सांगतो: ८ आसपास असेल तर आडवे कापण्याची, साडेपाच असेल तर उभे चिरण्याची करवत. दात्यांच्या रेषेवरून डोळा लावून पाहिल्यावर वाक दिसला तर सोडून द्यावी. पात्याचा पीळ काढणे सोपे नाही.

लाकडी रंध्यांत मालकाचा ठसा आणि कारागिराचा ठसा यांत फरक करायला शिकावे. मालक आपले नाव दोन्ही टोकांना, तेही चार-चार वेळा ठोकत असे. कारागिराचा ठसा पुढच्या टोकावर मधोमध एकदाच असतो आणि बहुधा त्यासोबत गावाचे नाव असते. अठराव्या शतकातले न्यू इंग्लंडचे रंधे यलो बर्च लाकडाचे आणि सुमारे १० इंचांचे, तर एकोणिसाव्या शतकातले बीच लाकडाचे आणि साडेनऊ इंचांचे. मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथमच्या फ्रान्सिस निकल्सनचा गुलाम असलेला आणि १७५३ मध्ये मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त झालेला सीझर चेलर हा अमेरिकेतल्या सर्वांत आधीच्या ज्ञात रंधे-कारागिरांपैकी एक. त्याच्या नावाचा ठसा दिसला तर वस्तू पुसण्याआधीच जाणकाराला दाखवावी.

बाकीच्या हत्यारांबद्दल थोडक्यात. गिरमिटाच्या शेपटीवरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांत असतो, म्हणजे ८ असेल तर भोक अर्ध्या इंचाचे. दुहेरी पिळाचे रसेल जेनिंग्ज पद्धतीचे, आणि मधला दांडा भरीव असलेले अर्विनचे. वुस्टरच्या लोरिंग कोज यांचा मंकी पाना १८४१ चा शोध आहे. अॅथोलच्या स्टारेट कंपनीचे गुण्ये आणि मोजमापाची साधने आजही अचूक असतात, पण ती बनावट असणे दुर्मीळ असल्याने ओळखण्याची डोकेदुखी तिथे कमी आहे.

सफाई सर्वांत शेवटी करावी, आणि त्याआधी छायाचित्रे काढून ठेवावीत. तारेचा गोल ब्रश यंत्रावर लावून बीड घासल्यास 'जपान' नावाचा मूळ काळा, लाखेसारखा रंग आणि शतकभरात चढलेली तपकिरी झाक दोन्ही निघून जातात आणि संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते. साधा गंज मिनरल स्पिरिट्स आणि सर्वांत बारीक पोलादी लोकरीने निघतो. त्यावर मेणाचा पातळ थर द्यावा. धुण्याचा सोडा वापरून विजेने गंज काढणार असाल तर धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. परदेशी पाठवायचे असेल तर रोझवुडच्या मुठींची आधी चौकशी करावी. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि योग्य कागदपत्रांवाचून ते सीमेपलीकडे नेणे बेकायदा ठरते.